भिसोचा खुंट

दोन डोंगरांच्या कुशीतलं आमचं हे बंदर बघा. बाहेर समुद्र कितीही खवळू दे, आत पाणी निवांत. होड्या बांधायला सात खुंट आहेत, पण कडेच्या सातव्याला होडी नाही, नुसता दोर. जागा असून तुम्हाला तिथे का उतरवलं नाही, म्हणून मघाशी कुरकुरलात ना? ऐका मग.

फार जुनी गोष्ट. धाकू तांडेल आणि त्याचा एकुलता मुलगा भिसो, दोघांच्या दोन होड्या. कार्तिकातल्या एका दुपारी अवचित वादळ उठलं. परगावच्या होड्याही आसऱ्याला आल्या, एकच खुंट उरला. भिसोने तिथे होडी बांधली. बाप आला नाही हे पाहून दोर सोडून तो पुन्हा बाहेर पडला. तो उत्तरेकडून गेला आणि बाप, म्हणे, दक्षिणेकडून आत शिरला. रिकामा खुंट मिळाला ही देवाची कृपा मानून धाकूने होडी आडवी बांधली. लोक तोवर घरांकडे पळाले होते.

थोड्या वेळाने पावसातून हाक आली, "जागा आसा काय?"

वाऱ्यात आवाज ओळखू येईना. परगावची आणखी एक होडी असेल, असं धाकूला वाटलं. "जागा नाय," तो ओरडला, "पलीकडच्या खाडीत जा."

होडी वळली. वादळात जागा नसताना घुसून दुसऱ्यांच्या होड्या फोडायच्या नाहीत, ही बापाचीच शिकवण. दोर हातभर सैल केला असता तर ती मावली असती, असं सांगतात.

घरी सून दारात उभी होती. तिने सासऱ्याच्या मागे पाहिलं. "आणि ते? तुमका हुडकूक गेले."

धाकू धावत खाली आला, दोर सोडला, गळा बसेपर्यंत हाका मारल्या, "भिसो, ये रे बाबा, जागा आसा." तिसऱ्या दिवशी एक वल्हं तेवढं किनाऱ्याला लागलं. पुढे जगला तोवर तो इथेच, दोराचं टोक हातात धरून बसलेला असे.

आजही दर कार्तिकात गाव या खुंटाला नवा दोर बांधतं. ही जागा फक्त वादळातून येणाऱ्याची. 'जागा नाय' असं गावात कोणी म्हणत नाही, होडीत नाही, पंगतीतही नाही. आणि वादळ उठलं की गावातला सर्वांत म्हातारा माणूस इथे येऊन समुद्राकडे हाक मारतो, "येवा, जागा आसा." तीन वर्षं झाली, ती हाक माझ्याकडे आली आहे. हाक मारून झाली की मी लगेच घरी जात नाही. थोडा वेळ थांबतो.