राणीच्या वाटचं रडणं

एक होती राणी. राजाही होता, पण ही गोष्ट सुरू व्हायच्या आधीच तो देवाघरी गेला. नाही गं एस्तेर, आपले डॅडी कामावर गेलेत, सकाळी येतील. पाय आत घे.

तर राजा गेला, तेव्हा प्रधान म्हणाला, "राणीसाहेब, राज्य बघतंय. रडायचं नाही हं." राणी रडली नाही. थेंबभरसुद्धा नाही.

आणि त्याच दिवशी तिचं तान्हं बाळ रडायला लागलं. झोपेचना. दूध पाजून झालं, ओव्यानं पोट शेकून झालं. आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून राणीनं सगळं पुन्हा केलं. बाळ सुकत चाललं, बरं का. वैद्य म्हणाले, झोपेवाचून हे जगायचं नाही.

मग खिडकीत एक देवदूत येऊन बसला. कबुतराएवढाच. म्हणाला, "धन्य माणसाच्या मांडीवर ठेव, झोपेल." आणि उडाला. धन्य म्हणजे कोण, ते सांगितलंच नाही. देवदूतांचं हे असंच.

मग राणी बाळाला घेऊन निघाली. आधी गेली केळीच्या बागवाल्याकडे. भरलं घर, दुःख कसलं ते ठाऊक नाही. सगळे म्हणायचे, धन्य तो! बाळानं त्याच्या मांडीवर टाहो फोडला.

मग गेली एका भक्तिमान बाईंकडे. जप करून करून त्यांच्या माळेचे मणी झिजले होते. बाई म्हणाल्या, "लवकर ठेवा, माझी प्रार्थना राहिलीय." बाळ आणखीच रडलं.

मग राणी दमली. वाटेत एक झोपडी होती. दारात फिलोमावशी नावाची एक म्हातारी रडत बसली होती. तिच्या म्हाताऱ्याला कालच माती दिली होती. दुखवट्याच्या घरात चूल पेटवत नाहीत ना, म्हणून शेजाऱ्यांनी पेज आणून ठेवली होती. मावशी काही मुजऱ्याला उठली नाही. तिनं वाटी पुढे केली.

"खा गं बाय. तुझ्याकडे कुणी आणली का पेज?"

राजवाड्यातल्या चुली पेटत्याच होत्या. तिथं पेज न्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

राणीनं एक घोट घेतला आणि तिला हुंदका फुटला. मावशीनं तिला पोटाशी धरलं. मग दोघी अशा रडल्या, अशा रडल्या, की पेज खारट झाली.

आणि बाळ गप्प झालं! अगं, राणीच्या वाटचं रडणं इतके दिवस ते एकटंच रडत होतं. आता ती रडली, त्याचं काम संपलं. झोपलं. अर्धं राणीच्या मांडीवर, अर्धं मावशीच्या.

मग दोघींत धन्य कोण? योना, तू विचारणारच. येशू सांगायचा ना, रडणारे धन्य, देव त्यांना जवळ घेतो. मला लहानपणी हे उलटंच वाटायचं. अजूनही कधीकधी वाटतं. पण बाळ झोपलं, एवढं खरं.

पुढे त्या राज्यात कुणाच्याही घरी दुःख झालं, की पेज घेऊन राणी स्वतः जायची. बाळ मोठं झालं, मावशी राणीची मावशी झाली, सगळी सुखात राहिली.

आता मिटा डोळे. आणि कुणाचं रडायचं राहिलं असेल, तर आत्ताच रडून घ्या. मी आहे इथे.