भरदुपारची शुक्राची चांदणी

दीड महिना झाला, चंदनगडात एकही लग्न लागलं नव्हतं. आकाशातून शुक्र गायब होता, आणि शुक्राच्या अस्तात लग्नं लावत नाहीत!

तो गायब असल्याची खबर राजज्योतिषी गदाधरबुवा रोज देत. रात्रीचं जेवण झालं की ते राजवाड्याच्या गच्चीवर येत, ढेकर देत पश्चिमेकडे बघत आणि ओरडत, "नाही! आजही नाही!" मग खाली जाऊन झोपत. ज्याला फारच घाई असेल त्याच्यासाठी त्यांनी शुक्रशांतीची सोय ठेवली होती. शांतीला एक दुभती गाय लागे. बुवांच्या गोठ्यात आता शेपूट हलवायला जागा उरली नव्हती.

राजबागेचा माळी कोंडिबा याच्याकडे गाय नव्हती. होती ती एक मुलगी, येसू. तिचं लग्न हरबाशी ठरलं होतं, आणि हरबा दहा दिवसांनी फौजेबरोबर सीमेवर जाणार होता, तीन वर्षांसाठी. येसू सरळ दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, शुक्र उगवलाय! महिना झाला. रोज पहाटे पूर्वेला असतो. तुमच्या हाराचा मोगरा मी त्याच्याच उजेडात खुडते."

दरबार खो खो हसला. गदाधरबुवा पोट धरून म्हणाले, "पश्चिमेला मावळलेला शुक्र पूर्वेला? काय गं, रात्रभर चालत गेला का?"

"सूर्याच्या फार जवळ गेला म्हणून दिसेनासा झाला, बुवा. आठ दिवसांत दुसऱ्या बाजूला निघाला. तुमच्या पंचांगातही असेल. पान उलटलंत का?"

राजा रणधवलाने दरबाराकडे पाहिलं. "कोणी पाहिलाय का पहाटे?"

प्रधानाने सेनापतीकडे पाहिलं, सेनापतीने कोतवालाकडे, कोतवालाने जमिनीकडे. चंदनगडचा दरबार उन्हं डोक्यावर आल्याशिवाय भरत नसे. पहाट ही गोष्ट त्यातल्या बऱ्याच जणांनी नुसती ऐकली होती.

"उद्या जरा लवकर उठलात, तर मी दाखवते," येसू म्हणाली.

"लवकर?" राजा कळवळला. "पोरी, मी राजा आहे, कोंबडा नाही! शुक्र खरंच उगवला असेल तर माझ्या वेळेला दाखव. उद्या, भरदुपारी, इथल्या अंगणात! दाखवलास तर लग्नं मोकळी. नाही दाखवलास तर तुझ्या बापाची बाग गेली, आणि तुझं लग्न हरबा परत आल्यावर!"

भरदुपारी चांदणी! बुवांनी त्या रात्री दोन लाडू जास्त खाल्ले. आणि गच्चीवर गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत येसू अंगणात हजर होती. तिने एक लांब बांबू आतून पोकळ करून आणला होता. तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर तो टेकवून तिने शुक्रावर धरला आणि एक डोळा लावून बसली. तांबडं फुटलं. एकेक तारा पुसला गेला. शुक्र फिका झाला, टाचणीच्या टोकाएवढा झाला, पण राहिला! तो जसजसा वर चढे तसतशी येसू बांबू बोटभर सरकवी. डोळा मात्र काढत नव्हती. एकदा हरवला की निळ्या आकाशात पुन्हा सापडणं कठीण, हे तिला माहीत होतं.

उन्हं वर आल्यावर गदाधरबुवा विडा चघळत आले.

"येसू, तुझा बाप हाका मारतोय!"

"त्यांना सांगा, ओरडून घसा बसेल."

"अगं, हरबाकडचा निरोप आलाय, लग्न मोडलं म्हणे!"

"मग चांदणी दाखवते आणि पुन्हा जोडते. उन्हातून बाजूला व्हा बुवा, तुमची सावली सगळ्या अंगणाला पुरतेय!"

माध्यान्हीला राजा डोळे चोळत आला. मागे सगळा दरबार, वर सोन्याच्या दांडीचं छत्र.

"महाराज, छत्र जरा मागे घ्यायला सांगा. सूर्य झाकला जाऊ दे, आकाश नको!"

छत्र सरकलं. राजाने बांबूला डोळा लावला.

"निळं... निळंच आहे... पोरी, हे तर नुसतं... अरे! अरेच्चा! पांढरा ठिपका!"

"घार असेल!" बुवा ओरडले.

"घार एका जागी टांगून राहते का, बुवा?"

"दृष्टिभ्रम! उन्हाने होतो!"

"तुम्ही बघा," राजा म्हणाला.

बुवा वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"काय दिसतं?"

बुवांनी घाम पुसला. "महाराज... आजच उगवलेला दिसतोय!"

राजाच्या मिशा थरथरल्या. तो येसूकडे वळला. "महिनाभर आकाशात असलेली चांदणी माझ्या एवढ्या मोठ्या दरबाराला दिसली नाही. का?"

"शुक्र रोज वेळेवर उगवत होता, महाराज," येसू म्हणाली. "दरबार उगवत नव्हता!"

सगळ्यांनी राजाकडे पाहिलं. मग राजा हसला. इतका हसला की छत्रधाऱ्याला छत्र आवरेना!

"लग्नं मोकळी! गाई ज्याच्या त्याला परत! आजपासून गच्ची येसूची. आकाश तिने बघायचं. तिथे पहाऱ्याला माणूस लागेल, म्हणजे हरबा सीमेवर जाणार नाही. आणि गदाधरबुवा, उद्यापासून मोगरा तुम्ही खुडायचा. पहाटे!"

"पहाट... म्हणजे नेमकी कधी?" बुवांनी विचारलं.

"आणखी काही मागायचंय?" राजाने येसूला विचारलं.

"लग्नाला या, महाराज. अख्खा दरबार घेऊन या."

"एवढंच ना? आलो! मुहूर्त कधीचा?"

"शुक्र उगवला की," येसू म्हणाली. "पहाटेचा!"

राजाने प्रधानाकडे पाहिलं, प्रधानाने सेनापतीकडे. मग राजा पहिल्यापेक्षा मोठ्याने हसला आणि गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्याने येसूच्या हातावर ठेवला.

"हा घे आहेर. आणि बाई, त्या दिवशी मला उठवायला तूच ये!"