मामंजींचं पान

फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती ते मला विचारू नका, करंजखोल गावात मथुरा नावाची सून आली. गाव डोंगराच्या अगदी पोटाशी. घरं पंधरा-वीस, आणि प्रत्येक घरामागे परडं. परड्यात पडवळ, दोडकी, काकड्या, वालाचे वेल. भात कमी पिकलं तरी परडं माणसाला उपाशी निजू देत नाही, असं तिथल्या बायका म्हणायच्या. पण परडं जेवढं बायकांना प्रिय, तेवढंच डोंगरातल्या वानरांनाही. टोळी उतरली की काकडी राहत नसे आणि काकडीचा वेलही राहत नसे.

आता करंजखोलात वानराला वानर कुणी म्हणत नसे. देवाचं सैन्य ते, म्हणून ‘मारुती’ म्हणायचं. टोळी दिसली की ज्याला दिसली त्यानं “मारुती आले” अशी हाळी द्यायची आणि सगळ्या गावानं डबे बडवत धावायचं. तोंडात देवाचं नाव आणि हातात दगड, अशी आपली भक्ती.

मथुरा लग्न होऊन आली त्याच्या चौथ्याच दिवशी परड्यात एकटी होती आणि कुंपणावर टोळी येऊन बसली. सगळ्यांत पुढे एक थोराड नर, एक कान फाटलेला. मथुरेनं हाळी द्यायला तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. तिच्या सासऱ्याचं नाव मारुती होतं. वर्षापूर्वीच वारला होता बिचारा, पण वारला म्हणून काय झालं? त्या काळी सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नसे. इकडे त्या नरानं पहिली काकडी तोडली. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून हाळी दिली, “मामंजी आले! मामंजी आले!”

गाव धावलं ते डबे न घेताच. मेलेला माणूस परत आला म्हटल्यावर डबा कोण शोधत बसतो? सगळ्यांच्या पुढे मथुरेची सासू भागाई, चिखलाच्या पायांनी शेतातून धावत आली. पाहते तर धन्याच्या जागी वानर बसून काकडी खातंय. लोक हसायला लागले. आता नव्या सुनेची धडगत नाही, असंच सगळ्यांना वाटलं. पण भागाई बघतच राहिली. तो नर घास घेण्याआधी डावा गुडघा खाजवत होता, आणि तिचा नवरा जन्मभर नेमका तसाच खाजवत असे. मग पदरानं डोळे पुसून सुनेला म्हणाली, “मग उभी काय रायलीस? पान वाड त्यांना.”

त्या दिवसापासून मथुरा रोज कुंपणाशी केळीचं पान मांडू लागली. परड्यातले चार घास वाढायचे, पदर घ्यायचा, “मामंजी, पान वाढलंय” म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. फाटक्या कानाचा येऊन बसायचा, मागे त्याची टोळी. वडीलधारं माणूस आपल्या पानातलं जेवतं, दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाही. असं म्हणतात, की तोही बाजूच्या वाफ्याला हात लावत नसे. गाव तिला हसलं, आणि हसता हसता ते गावाच्या सवयीचं झालं.

मग ते वाईट वर्ष आलं. पाऊस श्रावणात गेला तो गेलाच. रानात उंबर धरलं नाही, पाला करपला. टोळीचं एका पानावर भागेना, म्हणून ती उठून शेजारच्या परड्यांत शिरू लागली. लोकांच्या तोंडचा घास गेला, आणि बियाण्यासाठी ठेवलेली पिवळी तवशी, ती मोठाली काकडी, तीही घराघरांतून गेली. मारुतीला मारायचं पाप गावाला नको होतं, म्हणून डोंगरापलीकडून बंदूकवाला आणायचं ठरलं. पाप बाहेरच्याच्या हातानं केलं की लागत नाही, असा एक समज असतो लोकांचा.

गावचा मुख्य धाकू गावकर मथुरेच्या दारात आला. माणूस कठोर नव्हता, पण त्याच्याही घरात पोरं होती. म्हणाला, “तुजे मामंजी ना ते? मग आठ दिस तुज्याच पानावर बसव. दुसऱ्याच्या परड्यात शिरले, की पयली गोळी त्यांनाच.”

भागाईला तोवर दिसेनासं झालं होतं. ती मागच्या दारात बसून सगळं ऐकत होती. गावकर गेल्यावर तिनं सुनेचा हात धरला. “एकदा पुसलंय माजं कुकू,” ती म्हणाली. “पुन्ना नको गं.”

मथुरेनं ओळीनं पानं मांडली, साऱ्या टोळीची पंगतच बसवली. भोपळे संपले, वाल संपले, मुळे पाल्यासकट संपले. मथुरेचा नवरा पोटासाठी परगावी गेलेला, घरातल्या दोघी सासवा-सुना पेजेवर राहिल्या. सातव्या दिवशी तिनं केळच तोडली आणि तिचा गाभा वाढला. आठव्या दिवशी घरात उरलं आढ्याला टांगलेलं एक पिवळं तवसं. साऱ्या गावात तेवढंच बियाणं शिल्लक होतं. दोरी सुटल्याचा आवाज भागाईनं ऐकला आणि चाचपडत केळीचं पान पुसून सुनेपुढे केलं.

कुंपणापलीकडे गाव गोळा झालं होतं. बंदूकवालाही येऊन बसला होता. मथुरेनं एकच पान मांडलं, त्यावर तवसं ठेवलं आणि पदर घेतला. “मामंजी,” ती म्हणाली, “घरात आता येवढंच हाय.” आणि बोलण्यावर भागेल असं वाटेना, म्हणून तिनं रिकामं मडकं आडवं करून त्याच्या तळाला पळी वाजवली.

जेवायला बसलेल्या मोठ्या माणसाचं लक्ष पानात नसतं, आतल्या भांड्याकडे असतं. पळी तळाला लागली की ते अर्ध्या पोटी उठतं, कारण सून अजून जेवायची असते. फाटक्या कानाच्या नरानं तवसं फोडलं. अर्धं खाल्लं. अर्धं बियांसकट पानावर ठेवलं, डावा गुडघा खाजवला आणि तो उठला. त्याच्यामागे सगळी टोळी उठली आणि गावकराच्या भरल्या मुळ्यांच्या वाफ्याशेजारून, मान न वळवता, डोंगर चढून गेली. असं म्हणतात, की जाताना त्यानं ढेकरही दिला. तेवढं मात्र मला खरं वाटत नाही.

“उठले?” भागाईनं दारातून विचारलं.

“उठले.”

“पोटभर जेवले?”

“व्हय,” मथुरा म्हणाली.

“खोटं बोलतेस,” भागाई हसली. “तुज्यासाठी ठेवलं आसंल. सवयच ती त्यांची.”

आपल्या गावातून कुणी अर्धपोटी उठून गेलं, हे धाकू गावकराला सोसलं नाही. त्यानं बंदूकवाल्याला वाटेला लावलं, स्वतःच्या वाफ्यातले मुळे उपटले आणि टोपली डोक्यावर घेऊन डोंगराच्या पायथ्याशी ओतून आला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे गेले. त्या अर्ध्या तवशाच्या बिया मथुरेनं मोजून घरोघर वाटल्या. पुढच्या पावसाळ्यात एकेका वेलाला इतकी तवशी लागली, की कुंपणं आडवी झाली, असं म्हणतात.

करंजखोलात अजून पहिल्या तोडणीचं पान कुंपणाशी मांडतात आणि बायका पदर घेऊन “मामंजी, पान वाढलंय” म्हणतात. मग वानरं नासधूस करत नाहीत का? करतात की. पान जेवतात आणि वर दोन काकड्याही नेतात. सासरा झाला म्हणून त्याचे सगळेच गुण चांगले असतात का?

पण खरी आठवण परड्यात नाही, घरात आहे. त्या गावात जेवायला बसलेला घरचा मोठा माणूस दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी आत विचारतो, “मथुरे, हाय का गं?” सुनेचं नाव काही का असेना, त्या वेळी ती मथुराच. आतून पळी तळाला लागल्याचा आवाज आला, की तो “भरलं पोट” म्हणतो आणि उठतो.