सरसाचं लखलखीत घर

फार फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात सरसा नावाची बाई राहत होती. तिच्या घराचं नाव पंचक्रोशीत होतं. जमीन अशी सारवलेली, की बोटांची वळणं एकसारखी दिसावीत. भांडी अशी घासलेली, की त्यांत तोंड पाहावं. गावात नवी सून आली, की सासू तिला सरसाचं घर दाखवायला आणायची आणि सांगायची, "बघ, संसार म्हणतात तो असा."

त्या घरात राहणाऱ्यांना काय वाटतं, हे मात्र कोणी विचारत नसे.

सरसाचा नवरा शांत माणूस. शेतातून आला की तो अंगणात पाय धुवायचा, पायरीवर पुन्हा धुवायचा, तरी सरसा त्याच्यामागे फडकं घेऊन फिरायची. हळूहळू तो जेवणापुरताच घरात येऊ लागला. उरलेला वेळ पारावर बसून काढू लागला.

त्यांना एकच मुलगी, मैना. सात वर्षांची असताना तिनं पहिली भाकरी थापली. ती एका बाजूला जाड झाली, दुसऱ्या बाजूला फाटली. सरसानं ती गाईला घातली आणि म्हणाली, "नीट जमेल तेव्हा कर." त्यानंतर मैना आपणहून कशालाच हात लावेना. भिंतीशी अंग चोरून बसायला शिकली. सरसाला वाटलं, पोर किती शहाणी आहे.

यथाकाल मैनाचं लग्न झालं. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. सरसानं खोली सारवली, गोधड्या शिवल्या, डिंकाचे लाडू वळले. एकही लाडू दुसऱ्याहून लहान नव्हता. सातव्या महिन्यात नवरा मुलीला आणायला गेला आणि एकटाच परत आला.

"ती का नाही आली?" सरसानं विचारलं.

त्यानं अंगणात पाय धुतले, पायरीवर पुन्हा धुतले. मग म्हणाला, "ती म्हणते, कळा येतील तेव्हा मी ओरडेन, अंथरूण खराब होईल. आईच्या घरात मला भीती वाटते. मी इथंच बाळंत होईन."

सरसा म्हणाली, "आणि तुम्ही तिला समजावलं नाही?"

"काय समजावू? मलाही वाटते."

त्या दिवसापासून सरसाच्या अंगातलं बळच गेलं. ती झाडायला उठेना. चूल पेटवायची ती पोटापुरती. कोपऱ्यांत जाळी धरली, भांड्यांवर धूळ बसली, आणि ते पाहायलाही कोणी आलं नाही. या घरात मैना कधी खळखळून हसली होती का, हे ती आठवू लागली. तिनं खूप आठवलं. एकही दिवस आठवेना. मग जे घर तिनं आयुष्यभर पुसलं, त्याच घरात ती तोंडात पदर कोंबून रडली.

मैनाला मुलगी झाल्याचा निरोप आला, तेव्हा सरसा उठली आणि लेकीच्या गावी गेली.

विहीणबाईंचं घर म्हणजे नुसता पसारा होता. दारात शेळी बांधलेली, वळणीवर दुपटी लोंबत होती, ओसरीभर दाणे सांडले होते. आतून मैनाच्या हसण्याचा आवाज येत होता. सरसा उंबऱ्यात उभी राहिली आणि तो आवाज थांबला. आईला पाहताच ती ओली बाळंतीण धडपडत उठली आणि गोधडीच्या चुण्या सारख्या करू लागली.

सरसाच्या काळजाला घरं पडली. तिनं पुढं होऊन लेकीचे हात धरले.

"राहू दे गं."

मैना तिच्याकडे बघत राहिली. हे शब्द तिनं आईच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. तिचा विश्वास बसेना. हात सोडवून तिनं गोधडीचं टोक पुन्हा ओढलं.

सरसा महिनाभर तिथं राहिली. विहीणबाई सांगतील ते काम करायची आणि उरलेला वेळ पसाऱ्यातच नात मांडीवर घेऊन बसायची. नातीनं लुगडं भिजवलं, तरी ती लगेच उठत नसे. मैना हे सगळं लांबून पाहत असे. निघायच्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "येईन मी, आई. जमेल तेव्हा."

घरी परतल्यावर सरसानं झाडलं, सारवलं, पण गरजेपुरतंच. एका दुपारी खरकटी भांडी तशीच ठेवून ती नवऱ्याशेजारी ओसरीवर बसली. तो पारावर जायला उठला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या घरात बरं वाटलं.

पुढं मैना येऊ लागली. आधी दिवसभरासाठी, मग एका मुक्कामाला. नात घरभर रांगायची, पण मैना मात्र शेवटपर्यंत त्या घरात भिंतीशीच बसली. तिचं बालपण सरसाला पुन्हा मिळालं नाही.

तात्पर्य : घर नीटनेटकं असावं, पण घरच्यांना त्यात पाय पसरायची भीती वाटेल इतकं नसावं.