टाकीतली कुपी

"सर, खरं सांगा. माझं नाव तुम्ही सुचवलंत, की अडवलंत?"

"आधी बूट बाहेर काढ."

यशोधन कारखानीसने बूट काढले. मिरजेतल्या या जुन्या प्रयोगशाळेत पेशी वाढवतात, तिथे बाहेरची धूळ चालत नाही. हा नियम त्याला याच खोलीत बिवलकर सरांनी शिकवला होता. आता तो स्वतः मोठा शास्त्रज्ञ, वय साठीला टेकलेलं. पण या खोलीत त्याला कुणी कधी अहोजाहो केलं नाही, म्हणून मीही करत नाही.

पेशी आणि रेणूंवर उभा जन्म घालवणाऱ्या संशोधकांना एक कारकीर्द सन्मान देतात. यंदा निवड समितीवर बिवलकर सर होते, आणि यशोधन यंदाच निवृत्त होणार होता. निवृत्त झाल्यावर तो सन्मान मिळत नाही.

टेबलावर चहाचे दोन उष्टे कप होते. यशोधनच्या मनात पाल चुकचुकली.

"फरीदा येऊन गेली वाटतं?"

"सकाळीच."

"काय म्हणाली?"

"चहात साखर फार झाली म्हणाली."

यशोधनला ते खरं वाटलं नाही. अलीकडे त्याला काहीच खरं वाटत नसे. समितीतला एक जण फोन उचलत नव्हता, म्हणजे काहीतरी शिजत होतं. दुसरा फारच गोड बोलला होता, म्हणजे तर नक्कीच शिजत होतं.

"सन्मान तिलाच देताय ना?"

"दिला तर?"

फरीदा मुजावर त्याची गुरुभगिनी. दोघांनी एकाच वर्षी इथे काम सुरू केलं होतं. यकृताच्या गाठीतल्या पेशी सरांनीच दोघांना दिल्या होत्या, एकाच अतिथंड टाकीतल्या कुप्यांतून, एकाच दिवशी गोठवलेल्या.

"सर, तिने स्वतःचे पेपर मागे घेतलेत! आपल्या पेशी यकृताच्या नव्हत्याच, असं तिने जगजाहीर सांगितलं. लोक हसले तिला."

"हसले खरे."

"तिच्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्या पेशी शिरल्या. त्यात गौरव कसला?"

असं होतं कधी कधी. जोमाने वाढणारी एखादी पेशी चुकून भलत्या बाटलीत पडली, की शेतात गाजरगवत माजावं तशी माजते. मूळच्या पेशी मरून जातात, बाटलीवरचं नाव तेच राहतं. एक साधी चाचणी केली की सगळं कळतं.

"शिरल्या कुठे?" सरांनी विचारलं.

"तिच्या प्रयोगशाळेत. आणखी कुठे?"

"की इथेच... तुम्हा दोघांना कुप्या देण्याआधीच?"

यशोधनने उष्टे कप बाजूला सरकवले.

"पेपर मागे घेतले तेव्हा फरीदाने तुला फोन केला होता," सर म्हणाले.

"तिने सांगितलं तुम्हाला? बघा! म्हणजे आज सकाळी माझ्याविरुद्ध..."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

"आज नाही, तेव्हाच सांगितलं होतं. ज्यांनी ज्यांनी त्या पेशी नेल्या, त्या सगळ्यांना तिने फोन केले. तुला म्हणाली, तुझ्याही तपासून घे."

"म्हणाली होती."

"मग त्या दिवशी काय केलंस?"

"पेपर जायचा होता, सर. घाईत होतो."

"आणि नंतर?"

"तुमचा माझ्यावर विश्वासच नाही!"

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस? सन्मान हवाय ना?"

"हवाय," यशोधनचा आवाज एकदम पडला. "फार हवाय, सर. मुलीच्या लग्नात पंगत बसलेली सोडून मी पेशींना खाऊ घालायला पळालो होतो. ती अजून बोलून दाखवते. हे सगळं कशासाठी केलं, ते कुणीतरी एकदा म्हणावं ना..."

सर उठले. कोपऱ्यातल्या द्रव नायट्रोजनच्या टाकीचं झाकण त्यांनी काढलं. पांढरी वाफ जमिनीवर उतरली. त्यांनी आतली मांडणी वर ओढली.

"तुझी एक कुपी इथे राहिलीय. घे."

"तुम्ही तपासलीत?"

"नाव तुझं आहे. दुसऱ्याच्या नावाची कुपी या खोलीत कुणी उघडत नाही. हातमोजे घाल."

यशोधनने कुपी काढून टेबलावर ठेवली आणि हातमोजे उतरवले. बोटाच्या पेराएवढी. तिच्यावर त्याचं तरुणपणीचं अक्षर होतं.

"आज चाचणीला पाठव," सर म्हणाले. "यकृताच्या निघाल्या, तर तुझं नाव मी स्वतः सुचवतो."

"आणि नाही निघाल्या तर?"

"तरीही सुचवतो."

यशोधनने सरांकडे निरखून पाहिलं. यात काहीतरी डाव असणार. फरीदा सकाळी आली, दुपारी ही कुपी बाहेर निघाली. एवढं सरळ कुणी देतं का?

कुपीवरचा पांढरा बर्फाचा थर उतरू लागला.

"वितळतेय, सर. पेशी मरतील."

"चाचणीला मेलेल्याही चालतात."

यशोधनने कुपीकडे पाहिलं. मग त्या दोन कपांकडे.

त्याने हातमोजे पुन्हा चढवले.

"आत्ता घाई नको, सर. समितीचं होऊन जाऊ दे. अजून पुरती वितळली नाही, परत टाकीत ठेवतो."

सरांनी त्याच्यासाठी झाकण उघडून धरलं.

"ठेव," ते म्हणाले. "तो फोन आल्यापासून तेच तर करतोयस."