मास्तरांनी धरलेली शिंगं

“मग धरायचं तरी कुठं, बुवा?”

श्रीरंग मास्तर धुळीतून उठत विचारत होते. मठाच्या वळूने सकाळपासून त्यांना दुसऱ्यांदा लोळवलं होतं. कोपर सोलवटलं होतं, तोरा मात्र शाबूत होता.

वळू चार दिवसांपासून बिथरला होता. दोघांना त्याने जायबंदी केलं होतं. दिवस मावळायच्या आत बांधला नाही, तर गोळी घालायची, असं गावाने ठरवलं. बंदूकवाला येऊन कुंपणापाशी बसलाही होता. मठाच्या लिंबाजीबुवांचे नव्यानेच शिष्य झालेले मास्तर छाती काढून म्हणाले होते, मी बांधतो.

“तू कुठं धरलंस?” लिंबाजीबुवांनी विचारलं.

“शिंगांना! इंग्रजीत म्हणतातच, टेक द बुल बाय द हॉर्न्स. अवघड काम समोर आलं, की थेट बैलाची शिंगं धरायची. वीस वर्षं शिकवतोय मुलांना.”

“आन् बैल किती धरलं?”

मास्तर कोपरावरची धूळ झटकू लागले.

बुवा उठले. कापूर घातलेल्या तेलाची वाटी घेऊन अंगणात गेले आणि वळूपासून दहा पावलांवर, त्याच्याकडे पाठ करून, मांडी घालून बसले.

“बुवा, पाठ नका फिरवू!” मास्तर ओरडले.

वळूने खुराने माती उकरली. फुरफुरला. मग चालत आला.

कुंपणापाशी बंदूकवाल्याने नेम धरला.

बुवांच्या मागे तो थांबला. भलंथोरलं डोकं त्याने हळूच खाली आणलं आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर ठेवलं.

बंदूकवाल्याने नळी खाली केली.

बुवा वळूचा गळा खाजवत राहिले. मास्तर दबकत जवळ गेले, तेव्हा त्यांना दिसलं. डाव्या शिंगाच्या मुळाशी खोल जखम होती. आत किडे वळवळत होते. त्यांनी दोन्ही वेळा तिथेच धरलं होतं.

असं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

“बुवा... तुम्ही ह्याला धरलंत तरी कसं?”

बुवा जखमेत तेल सोडून काडीने एकेक किडा काढत होते.

“म्या कुठं धरलंय? त्यानंच ठिवलंय. लई जड हाय रं डोकं... ये, तू बी हात लाव खालनं.”