टोपीकरांची किटली

एका राज्यात सिंहासनावर राजा बसे आणि शेजारच्या मखमली गादीवर एक किटली! चांदीची, गोलमटोल, सिंहमुखी तोटीची. राजा उदयभान छाती फुगवून सांगे, "आमच्या आजोबांचा, रणधवल महाराजांचा पराक्रम पाहून सातासमुद्रांपलीकडच्या टोपीकरांनी ही नजर केली." दरबारी माना डोलावत. न डोलावून सांगतात कुणाला?

त्या घराण्यात लेकरांच्या पायांत वाळे घालत नसत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण धाकटी राजकन्या तारिणी पहिली पावलं टाकू लागली, तेव्हा मामाने हौसेने चांदीचे वाळे आणले. ते घातले मात्र, तिची पावलंच चांदीची झाली! बघता बघता चांदी गुडघ्यांपर्यंत चढली.

थोरली राजकन्या केतकी चेटूक जाणणाऱ्या साळुंकीकडे धावली.

"साळुंकीबाई, माझ्या बहिणीला वाचवा!"

"चांदी काळजाला भिडायच्या आत तीन कामं कर," साळुंकी म्हणाली. "किटलीला पाणी पाज, विस्तव दाखव आणि तिची खरी हकिकत भर सभेत वदवून घे. सांगणारा मात्र मुकुटधारी हवा."

केतकीने किटलीत पाणी ओतलं. आतून छुमछुम उठली, शेकडो इवल्या पावलांची! तिने किटली विस्तवावर ठेवली. वाफेत पणजोबा दिसले. रणधवल महाराज किल्ल्याची दिंडी शत्रूला उघडून देत होते! टोपीकर आत घुसले, त्यांनी पाळण्यांतल्या लेकरांचे वाळे ओरबाडले, वितळवून त्यांची किटली घडवली आणि दिंडी उघडणाऱ्याला बक्षीस दिली.

केतकी तडक राजापुढे उभी राहिली. पाहिलेलं सारं तिने सांगितलं.

"बाबामहाराज, हे सभेत सांगा."

"घराण्याची अब्रू जाईल."

"आणि तारिणी गेली तर?"

तेवढ्यात महालातून राणीचा हंबरडा आला. चांदी छातीशी पोचली होती.

राजा तसाच अनवाणी सभेत धावला. "लोकहो, आमचे आजोबा शूर नव्हते, फितूर होते! ही तुमच्या घरांतल्या लेकरांच्या वाळ्यांची चांदी आहे!"

फाडकन किटली फुटली! वाळेच वाळे उधळले आणि घरंगळत ज्याच्या त्याच्या दारी निघाले. महालात तारिणीची पावलं पुन्हा मऊ, गुलाबी झाली. केतकी तिला कडेवर घेऊन नाचतच सभेत आली.

वाळ्यांचा एक जोड म्हाताऱ्या भागूआजीच्या पुढ्यात येऊन थांबला. तान्ही असताना तिच्याच पायांतून तो ओढून नेला होता. आजीने तो पदराला पुसला.

"माझ्या पायांत हे आता कुठले मावायला, महाराज? आणा ती पोर इकडं."

राजाला तोंड वर करवेना. आजीने वाळे तारिणीच्या पायांत घातले आणि तारिणी छुमछुम करत सभाभर दुडदुडली.

मखमली गादी तेव्हापासून रिकामी नाही. तिच्यावर भागूआजी बसते आणि राजा छाती फुगवू लागला, की नुसती खाकरते.